रापण ओढणाऱ्यांचे दंड फुगलेले नसतात, तरी त्यांच्यात एवढी ताकद कुठून येते?

मालवणला रापण, म्हणजे समुद्रात टाकून किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढायला गेलात, जिम करूनही थोड्या वेळात हात भरून आले आणि शेजारचा सडपातळ म्हातारा शेवटपर्यंत ओढत राहिला, असं तुम्ही लिहिलंय. मी इथल्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. माझ्या मते तुम्ही ताकद आणि दम यांची गल्लत करताय. एकदाच जोर लावून जड वजन उचलायचं असेल तर तुम्हीच जिंकाल. स्नायू जितका जाड, तितका एका वेळचा जोर जास्त. पण रापण एका झटक्यात किनाऱ्याला येत नाही.

दंडातला स्नायू म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. एक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, तीत केंद्रकं मात्र अनेक. आत मायोसिन या प्रथिनाचे जाड आणि ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे आलटून पालटून रचलेले असतात. त्याचे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, म्हणून हा पट्टकी स्नायू. चेतातंतूतून निरोप आला की पेशीत कॅल्शियम सुटतं आणि मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, खेचतात, सोडतात, पुढे पुन्हा धरतात. धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांत सरकतात. हे १९५४ साली संशोधकांच्या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडलं. रापणीत मागचा गडी दोर सोडून पाण्याकडे जातो आणि पुढे पुन्हा धरतो, तसंच हे. सगळ्यांनी एकदम सोडलं तर दोर मागे जाईल.

गंमत म्हणजे पकड सोडायलाही एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं. ते संपलं की डोकी अडकून बसतात. मेलेला बांगडा आधी ताठ होतो तो यामुळेच, आणि बाजारात ताठ बांगडा ताजा समजतात तेही बरोबर आहे.

स्नायूत एटीपीचा तयार साठा काही सेकंदांपुरताच असतो. पुढे ते बनवत राहावं लागतं, आणि म्हाताऱ्याची बाजू वरचढ ठरते ती इथे. बांगडा चिरल्यावर कुशीला गडद पट्टा दिसतो ना? तो सतत पोहण्याचा लाल स्नायू; झेप घ्यायला बाकीचं फिकं मांस. माणसात असे वेगळे पट्टे नसतात, संथ आणि जलद तंतू एकाच स्नायूत मिसळलेले असतात. संथ तंतूंत ऑक्सिजन धरणारं मायोग्लोबिन आणि ऑक्सिजन वापरून एटीपी बनवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) भरपूर, त्यामुळे ते उशिरा थकतात. वर्षानुवर्षं ओढण्याच्या कामाने तंतुकणिका आणि केशवाहिन्या वाढतात, पण दंडाचा घेर त्यामानाने फारसा वाढत नाही. ऑक्सिजन पोचवायला हृदयही तयार लागतं. तो स्नायूही पट्ट्यांचाच, पण आपल्या हुकुमात नसलेला.

आणखी एक, पुढच्या वेळी नीट बघा. ते लोक दंडाने ओढतच नाहीत. पाय वाळूत रोवून, अंग मागे टाकून मांड्या आणि पाठ लावतात. तुम्ही बहुधा कोपर वाकवून ओढत होतात. त्याने छोटे स्नायू आधी दमतात.

जिम सोडू नका. फक्त हलकं वजन आणि जास्त वेळ असाही व्यायाम ठेवा. परत आलात तर दोराला हात लावू का म्हणून विचारा. हातमोजे मात्र घालू नका, हसतील.