शब्दशोध रोज सोडवायचा असेल तर

शब्दशोध म्हणजे अक्षरांच्या चौकटीत लपलेले, यादीत दिलेले शब्द शोधायचं कोडं. पहिल्याच दिवशी घड्याळाकडे बघू नकोस. आधी दिशा समजून घे. सोप्या कोड्यात शब्द आडवे आणि उभे असतात, अवघड कोड्यात तिरपे आणि उलटेही, म्हणजे एकूण ८ दिशा. उलटे शब्द सुरुवातीला हमखास निसटतात. त्यावर उपाय म्हणजे शेवटच्या अक्षरापासून शोधायचं.

यादी वरून खाली क्रमाने सोडवत बसायचं नाही. आधी लांबलचक शब्द उचल. १५ बाय १५ च्या चौकटीत १२ घरांचा शब्द आडवा, सरळ असेल तर तो पहिल्या ४ स्तंभांतच सुरू होऊ शकतो. शोधायची जागा किती कमी झाली बघ! मग दुर्मिळ अक्षरांचे शब्द घे. 'क' किंवा 'र' शोधत बसलास तर ते सगळीकडे दिसतात, पण 'ढ', 'ठ', 'झ' क्वचितच. मराठी कोड्यात तर जोडाक्षरं म्हणजे देणगीच. 'क्ष' किंवा 'ज्ञ' एका घरात दिसलं की शब्द जवळपास हाती आलाच. मात्र काना-मात्रा अक्षरासोबत त्याच घरात असतात, त्यामुळे 'कि' आणि 'की' वेगळे धर. मी यात कितीदा तरी फसलोय.

तीन-चार अक्षरी शब्द शेवटी. तेच सगळ्यात छळतात.

फोनवर सोडवताना अडलास तर फोन उलटा धरून बघ (स्क्रीन फिरणं आधी बंद कर). विचित्र वाटेल, पण सवयीने वाचणारे डोळे जरा थांबतात आणि शब्द अचानक दिसतो. इशाऱ्याचं (हिंटचं) बटण मात्र अगदी शेवटी.