‘मुलगा काहीतरी लपवतोय’ असं वाटतं तेव्हा

अकरावी-बारावीच्या मुलांचे पालक समुपदेशनाला येतात तेव्हा एक भीती हमखास ऐकू येते : "मुलगा बदललाय. नक्कीच काहीतरी भानगड आहे." वारज्याहून आलेल्या एका आईचं उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्सला, शिवाय जेईईचा क्लास. आईने सांगितलं : संध्याकाळी डोळे लाल असतात, काही विचारलं की खेकसतो, जेवायला बरोबर बसत नाही, खोलीचं दार लावून घेतो, डोकं दुखतं म्हणतो, टेस्टचे मार्क घसरलेत. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला होता. क्लासजवळच्या टपरीवर वाईट संगत लागली, तिथे गांजा मिळाला, त्यासाठी तो कुठून तरी पैसे आणतो आणि जिवलग मित्र सगळं झाकून नेतो. "ह्यांना अजून सांगितलं नाही मी," त्या म्हणाल्या. लघवी तपासायचं किट मात्र मागवून ठेवलं होतं, मुलाच्या नकळत वापरायला.

अशा वेळी पहिलं काम कागदावर होतं. मधोमध रेघ मारायची. डावीकडे फक्त जे दिसलं, ऐकलं ते. उजवीकडे आपण मानून घेतलेलं. ‘डोळे लाल’ डावीकडे, ‘गांजा’ उजवीकडे. ताईंच्या कागदावर डावीकडे सहा ओळी झाल्या आणि उजवीकडे चार : संगत, गांजा, पैसे, मित्राची साथ. त्या चारांपैकी एकही गोष्ट घरात कुणी पाहिली नव्हती.

आता हिशोब करा. चारही गोष्टी खऱ्या असतील तरच ही कहाणी उभी राहते. प्रत्येकीची शक्यता सढळ हाताने ७० टक्के धरली आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं मानलं, तरी चारही एकदम खऱ्या असण्याची शक्यता उरते सुमारे २४ टक्के. त्या एकमेकींत गुंतलेल्या असतील तर आकडा वाढेल, पण चारांतल्या सगळ्यात कच्च्या दुव्याच्या वर तो कधीच जाणार नाही. मनाला मात्र उलटं वाटतं. तपशील जितका जास्त, तितकी गोष्ट खरी भासते. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली हीच चूक प्रयोगांतून दाखवली होती. काळजीत रात्र जागून काढणाऱ्या आईच्या हातून ती झाली तर नवल नाही.

कमीत कमी गृहीतं लागणारं स्पष्टीकरण आधी तपासावं, हा विचार जुना आहे. चौदाव्या शतकातल्या ओकमच्या विल्यम या तत्त्वज्ञाचं नाव त्याला चिकटलं. आपल्याकडे न्याय आणि मीमांसा या दर्शनांच्या वादांत ‘लाघव’ म्हणून तोच मुद्दा मांडला जातो. पण साधं म्हणजे छोटं नव्हे. ‘नजर लागली’ हे दोन शब्दांत संपतं. पण ते खरं ठरायला नजरेत शक्ती असते, ती दुरून काम करते आणि नेमकी याच मुलावर पडली, एवढं सगळं मानावं लागतं. शिवाय ते खोटं असेल तर कसं कळेल, याला उत्तरच नाही.

मग डावीकडच्या सहाही ओळी कमीत कमी गृहीतांत कशा जुळतात? मुलाशी एकट्याने बोलताना दिनक्रम विचारला. क्लास सकाळी ७ ला, त्यामुळे ५:३० ला उठणं. झोप रात्री १ नंतर. म्हणजे फार तर साडेचार तास. या वयाला ८ ते १० तास लागतात, आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे लवकर झोप लागत नाही. त्यात रात्री ९ ला कडक कॉफी. तिचा निम्मा अंमल साधारण ५ तासांनीही शिल्लक असतो. रविवारी तो ११ पर्यंत झोपायचा. सुटीच्या दिवशी रोजच्यापेक्षा दोन तासांहून जास्त झोप लागत असेल, तर आठवड्याची उधारी साचली आहे असं समजावं.

दोन आठवड्यांची झोपेची वही ठेवली : दिवा कधी मालवला, जाग कधी आली, दुपारी डुलकी किती. दुपारी ४ नंतर कॉफी बंद, फोन चार्जिंगला हॉलमध्ये, झोपेची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे. एकदम १० ला झोपवायला जाल तर मूल तासभर कूस बदलत राहतं आणि तिसऱ्या दिवशी सगळं सोडून देतं. किट वापरायचं नाही असं ठरलं. सर्दीच्या काही औषधांनीही काही चाचण्या खोट्या पॉझिटिव्ह येतात, आणि चोरून केलेली तपासणी उघडकीला आली की मूल बोलणंच थांबवतं.

झोप सहा तासांवर आली तशी चिडचिड उतरली, तो जेवायला बाहेर येऊ लागला. डोकेदुखी आणि मार्क मात्र तसेच. इथे बरेच पालक एक तर ‘झोपेचंच आहे’ म्हणत बसतात, नाहीतर थेट गांजावर परततात. दोन्ही चूक. एखादी ओळ उलगडत नसेल तर एकच नवं कारण जोडावं, तेही तपासता येईल असं. एका माणसाला दोन साधी दुखणी असू शकतात. डोळे तपासले तर दोन्ही डोळ्यांना उणे सव्वाचा नंबर निघाला. मागच्या बाकावरून फळा दिसत नव्हता, म्हणून तो मित्राच्या वहीतून उतरवून घ्यायचा.

काही खुणा दिसल्या तर मात्र हा क्रम धरून बसू नका. खोलीत जळकी फॉइल किंवा सुया, अडखळतं बोलणं, झपाट्याने घटलेलं वजन, घरातून गेलेले पैसे असं काही असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. दोन आठवडे सलग उदासी असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तरीही तेच. ‘जगून काय उपयोग’ असं मूल बोललं, तर त्याच दिवशी; मुलाला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर फोन लावा, तिथे मराठीत बोलता येतं.