'शोकाकुल'च्या खाली कोण?

प्रिय सई,

नौपाड्यातला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स बघून तू विचारलंस : "इथे कुणी गेलं की केवढा फोटो लागतो, खाली 'शोकाकुल' म्हणून पंधरा नावं असतात. एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीचा खून झाला तर तिथे कोणाची नावं येतात? आणि यंदा २० नोव्हेंबरला, खुनात गेलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या स्मृतिदिनी, मी ठाण्यात असेन, तर आपल्या पद्धतीने काय करू?"

आधी पहिल्या प्रश्नाबद्दल. आपल्याकडे शोक नात्यातून चालतो. अग्नी कोण देणार, दहावं कोण करणार, सुतक कोणाला, सगळं नात्यावर ठरतं. घराने टाकलेली व्यक्ती गेली की त्या जागी कुणीच नाही असं लोकांना वाटतं, पण ते खरं नाही. हिजडा समाजात गुरू असते, चेले असतात, गुरुभाई असतात. आजारपणात उशाशी तेच बसतात. मात्र कायद्याला हे घर दिसत नाही. २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या कायद्याने कुटुंब म्हणजे रक्ताचं, लग्नाचं किंवा कायदेशीर दत्तकाचं नातं असं ठरवलं. म्हणून शवविच्छेदनानंतर देह ताब्यात घ्यायची वेळ आली की गुरूला 'तुम्ही कोण?' असं विचारलं जातं. मग वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेले नातेवाईक येतात, जुन्या नावाने सही करतात आणि त्याच नावाने अंत्यविधी होतो. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं : 'शोकाकुल'च्या खाली पहिली नावं गुरू आणि चेल्यांची. बाकीची नंतर.

ट्रान्स पुरुषांचा, म्हणजे जन्माने मुलगी ठरवल्या गेलेल्या पुरुषांचा, विसर पडू देऊ नकोस. त्यांच्यातल्या बहुतेकांना गुरू-चेल्यांच्या घराण्याचाही आधार नसतो; त्यांचे शोकाकुल म्हणजे दोन-चार मित्र.

आपल्या परंपरेत यासाठी जागाच नाही असं समजू नकोस. आजीचं पंचांग काढून भाद्रपद वद्य चतुर्दशी बघ, 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' लिहिलेलं सापडेल. हत्याराने, घातपाताने गेलेल्यांसाठी पितृपक्षातला हा एक दिवस वेगळा राखला आहे. तर्पणात ज्यांना आई नाही, बाप नाही, कुणी बांधव नाही, त्यांच्या नावानेही पाणी सोडतात. महालयात नात्यागोत्याबाहेरच्यांसाठी धर्मपिंड असतो. पण एखाद्याच्या नावाने परस्पर विधी करू नये. या समाजात सगळ्या धर्मांचे लोक आहेत. कुणाचं दफन होतं, कुणाचं दहन. आधी त्यांच्या माणसांना विचारायचं. म्हणूनच २० तारखेला विधी नको, साधी शोकसभा ठेव.

हा स्मृतिदिन आपण राहतो त्या बॉस्टनशी जोडलेला आहे. २८ नोव्हेंबर १९९८ला बॉस्टनच्या ऑल्स्टन भागात रिटा हेस्टर या कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रीचा तिच्या राहत्या घरी खून झाला. तिथल्या बातम्यांनी तिचं जुनं नाव छापलं, तिला पुरुष म्हटलं. तिच्या आठवणीत ट्रान्स कार्यकर्त्या ग्वेंडोलिन अ‍ॅन स्मिथ यांनी १९९९मध्ये हा स्मृतिदिन सुरू केला. नाव वाचण्याला या दिवशी एवढं महत्त्व का, ते यावरून कळेल.

मराठीत नाव वाचणं इंग्रजीपेक्षा अवघड, कारण आपलं क्रियापद लिंग सांगतं. 'ती गेली' की 'तो गेला', हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. स्वतःबद्दल बोलतानाही 'मी आले' आणि 'मी आलो' वेगळं. रस्त्यावर लोक 'ते आलं बघ' म्हणतात तेव्हा नपुंसकलिंग वापरून माणसाची वस्तू करतात. तो शिवीइतकाच मोठा अपमान आहे. ट्रान्स स्त्रीसाठी 'त्या गेल्या', ट्रान्स पुरुषासाठी 'ते गेले'. माहीत नसेल तर 'व्यक्ती' म्हण : 'ही व्यक्ती गेली'. शब्द स्त्रीलिंगी असला तरी तो कुणालाही चालतो. 'हिजडा' हा शब्द त्या समाजाचा स्वतःचा आहे, त्यांच्या तोंडी अभिमानाचाही. तू 'तृतीयपंथी' किंवा 'ट्रान्सजेंडर' म्हण, किंवा ती व्यक्ती स्वतःला जे म्हणवते ते.

आता सभेचं. मासुंदा तलावाकाठी करावं असं तुला वाटेल. तिथे आधी पोलिसांची परवानगी लागेल, शिवाय पाण्यावरच्या वाऱ्याने पणत्या विझतात आणि येणाऱ्यांचे चेहरे सगळ्या गर्दीला दिसतात. तिसरं कारण सगळ्यांत मोठं. सोसायटीचा हॉल घे, सेक्रेटरींना आठ दिवस आधी लेखी दे आणि 'शोकसभा' असं स्पष्ट लिही. मोघम लिहिलंस तर ऐनवेळी किल्ली मिळत नाही.

वेळ तू ठरवू नकोस. अनेक जणी दिवसभर लोकलमध्ये, सिग्नलवर मंगतीला, म्हणजे पैसे मागायला जातात. गुरूंना भेटून विचार, त्या सांगतील ती वेळ. बोलायला बोलावलंस तर येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन पाकिटात घालून आधी दे. कुणी कुठलं स्वच्छतागृह वापरायचं यावरून वाद होऊ नये म्हणून वॉचमनशी आदल्या दिवशीच बोल. फोटो काढायचे नाहीत, हे दारातच सांग. आलेल्यांपैकी काहींच्या घरी अजून माहीत नसतं.

यादी वीस नावांची पुरे. खून झालेल्यांच्या जागतिक यादीत दरवर्षी शेकडो नावं असतात. सगळी वाचायला घेतलीस तर अर्ध्या तासानंतर लोकांचं लक्ष उडतं आणि शेवटची नावं घाईत उरकली जातात. आपल्याकडची नावं आधी घे. परदेशी नावं देवनागरीत लिहून दोनदा मोठ्याने म्हणून बघ. नाव, वय, गाव, मग एक लांब श्वास एवढं थांबायचं. एका नावाला वीस-पंचवीस सेकंद, म्हणजे एकूण सात-आठ मिनिटं. कसं मारलं ते वाचायचं नाही. यादीत काही ठिकाणी 'नाव माहीत नाही' असं असतं. तेही वाच आणि तिथेही तेवढंच थांब.

मेणबत्त्यांऐवजी पणत्या लाव. मातीच्या पणत्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर अर्धं तेल मातीच पिते. लांब वात घे, टोक गव्हाच्या दाण्याएवढंच बाहेर. जास्त काढलंस तर काजळी धरते. परातीत बोटभर वाळू पसरून त्यात पणत्या रोव. माणूस गेलेल्या घरात आपण ताटलीत पीठ पसरून त्यावर एकच दिवा लावतो, वात दक्षिणेकडे. तसा एक दिवा मधोमध ठेव, बाकीच्या भोवती.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की नातेवाईक हात जोडून कबूल करतात : तुझ्या पोरांकडे बघू, तुझं अमुक राहिलेलं काम करू. मृताला कशाची काळजी असेल हे ओळखून बोलावं लागतं. इथे ती काळजी कागदांची असते, हे समाजात काम करणारं कुणीही सांगेल. म्हणून सभेनंतर चहा झाला की एक टेबल मांड आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना बोलव. त्यांचा नंबर १५१००.

टेबलावर बँकेचा नामनिर्देशनाचा फॉर्म ठेव. खात्याला गुरू किंवा चेला नॉमिनी म्हणून चालतो, रक्ताचं नातं लागत नाही. पण नॉमिनीला पैसे नुसते ताब्यात मिळतात, मालकी मृत्युपत्राने ठरते. इथे लोक फसतात. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. 'माझा देह अमक्यांच्या ताब्यात द्यावा' हे वेगळ्या कागदावर लिहून त्याची प्रत गुरूंकडे ठेवावी. त्याने हक्क मिळत नाही, पण पोलिसांपुढे दाखवायला काहीतरी हातात असतं. हे मृत्युपत्रात लिहून भागत नाही, कारण ते उघडेपर्यंत अंत्यविधी उरकलेला असतो.

ट्रान्सजेंडर ओळखपत्राचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. वाशी, नेरूळ, ऐरोलीचा ठाण्याला. खारघर, कामोठे, पनवेलचा अलिबागला, कारण तो रायगड जिल्हा. नवी मुंबई सगळी एकच समजून लोक चुकीच्या कचेरीत खेपा घालतात. नियम बदलत राहतात, अर्जाआधी ताजे वाचून घ्यायला सांग.

मारहाण, धमकी यांची तक्रार मात्र कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द नसली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतली नाही तर तीच तक्रार लेखी वरिष्ठांकडे पाठवायची. ठाणे आणि नवी मुंबईची आयुक्तालयं वेगळी आहेत, पत्ता बघून पाठवा.

पणत्या फुंकून विझवू नकोस. दोन चमचे तेलात तासभर जळतात. तेवढा वेळ हॉल धरून ठेव. मोठी परात आजीच्या माळ्यावर आहे, पितळी, कडेला आजोबांचं नाव कोरलेली.

तुझे,
आई-बाबा