सहा मिनिटांचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिंगल म्हणून चाललं कसं?

तुमचा प्रश्न असा, की क्वीन या इंग्लिश रॉक बँडचं हे गाणं एवढं लांब, मधेच ऑपेरा, परत परत येणारं ध्रुवपद नाही, तरी १९७५ साली त्याची सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड, चालली कशी. मी संगीताचा अभ्यासक नाही. वडसा-देसाईगंजकडे माझं बिछायत आणि साउंडचं काम आहे, झाडीपट्टीच्या नाटकांना बॉक्स लावतो. त्या अंगानं सांगतो.

रेकॉर्ड कंपनीचं दुखणं साधं होतं. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांची गाणी चालायची आणि हे ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. कापायला बँड तयार नव्हता. तेवढ्यात लंडनच्या कॅपिटल रेडिओवर गाणी लावणाऱ्या केनी एव्हरेटच्या हाती एक प्रत पडली, ‘लावायची नाही’ असं बजावून दिलेली. (असं सांगून दिलेल्या वस्तूचं काय होतं, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतंच.) गड्यानं शनिवार-रविवारात १४ वेळा वाजवलं. लोक दुकानात मागायला गेले, तर रेकॉर्ड अजून यायचीच होती! ३१ ऑक्टोबरला ती आली, नोव्हेंबर सरता सरता इंग्लंडात पहिल्या नंबरावर चढली आणि नऊ आठवडे हलली नाही. १९९१ मध्ये बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेल्यावर पुन्हा काढली, तेव्हा पुन्हा पहिला नंबर. अमेरिकेत मात्र १९७६ साली नवव्यावरच थांबली.

समीक्षकांचं एकमत नव्हतं. ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाच्या परीक्षकानं तर हौशी संगीत नाटक मंडळीशी तुलना करून टर उडवली. हे वाचून मला हसूच आलं. आमच्याकडे ती शिवी नाही. झाडीपट्टीत एकाच रात्री मायलेकरांची ताटातूट होते, लगेच विनोदी नट येतो, त्यावर एक नाचाचं गाणं, आणि पुन्हा रडारड. रात्री दहाला बसलेला माणूस पहाटेपर्यंत हलत नाही. गाणं लांब आहे म्हणून लोक कंटाळतात, हे मला पटत नाही. पुढं काय येणार हे आधीच कळलं की कंटाळतात. या गाण्यात ते शेवटपर्यंत कळत नाही.

मी ते लावतो स्वार्थासाठी. ऑपेराच्या तुकड्यात ‘गॅलिलिओ’ची हाक एकदा या बाजूनं येते, एकदा त्या बाजूनं, एकदा उंच, एकदा खाली. डावं-उजवं तपासायला याहून सोपं काही नाही. परवा एका मंडईत (आमच्याकडं नाटकं होणारी गावची जत्रा) लावलं तर अर्धे गॅलिलिओ गायब. पाहतो तर डाव्या टॉपची (वरच्या स्पीकरची) वायर उंदरानं कुरतडलेली.

वायर जोडून पुन्हा लावलं. समोर गोधडी पसरून जागा धरून बसलेले एक आजोबा ऐकत होते. ‘बिस्मिल्ला’ आलं तशी त्यांनी मान वर केली.

“हा गाना होय का नाटक होय गा?”

म्हटलं, “दोन्ही होय, आबाजी. गाणारा पोरगा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.”

तेवढ्यात गिटार सुटली. आजोबा दचकले, मग म्हणाले, “मंग मधात पडदा काहून नाही पाडला?”