रंग बघू नका, बेड बघा

प्रश्न : नमस्कार सर. मी मिरजेचा, बँकेतून निवृत्त. वाफेवर चालणारी छोटी इंजिनं बनवायची हौस आहे. सिलिंडरचा बोअर बारा मिलीमीटरच्या आसपास. तळमजल्यावर आठ बाय दहाची खोली आहे, वीज सिंगल फेज. दोन जुने लेथ नजरेत आहेत. एक दलालाकडचा साडेचार फुटी, नुकताच रंगवलेला. दुसरा चुलतसासऱ्यांच्या बंद कारखान्यातला सहा फुटी, धूळ खात पडलेला. मुलगा म्हणतो, टेबलावर बसणारा नवा चिनी घ्या. कोणता घेऊ, आणि तपासायचा कसा?

उत्तर : नमस्कार. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा शिल्पनिदेशक म्हणून नोकरी केली, त्यामुळे पोरांनी हाल केलेली मशीनं भरपूर पाहिली आहेत. दलालाकडे रंग ताजा दिसला की मी आधी वाकून बेड बघतो, म्हणजे लेथचा खालचा लांब बिडाचा पाया. टर्नरचं बहुतेक काम चकापासून, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या भागापासून, हातभर अंतरात चालतं, त्यामुळे बेड झिजतो तो तिथेच. दुसऱ्या टोकाचा, म्हणजे कामाला आधार देणाऱ्या टेलस्टॉककडचा भाग जवळजवळ कोरा राहतो. बेडवर सरकणारी, टूल धरणारी कॅरेज चकाजवळ आणा, प्ले (ढिलेपणा) जाईपर्यंत गिबची, म्हणजे ती घट्ट करायची, पट्टी आवळा आणि मग हाताने चाक फिरवत कॅरेज टेलस्टॉककडे न्या. वाटेत जाम झाली तर बेड किती खाल्ला आहे ते लगेच कळतं. बेड ग्राइंड करून मिळतो, नाही असं नाही. पण त्यानंतर कॅरेज खाली बसते आणि लीड स्क्रूपासून (आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) सगळं पुन्हा जुळवावं लागतं. हौशी माणसाने त्या फंदात पडू नये.

दुसरी गोष्ट स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा. चकात जाड बार धरा, चकाजवळ डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा आणि लाकडी दांड्याने बार खालून उचला. काटा दोन-तीन शतांश मिलीमीटर हलला तर काळजी नको. स्पिंडल ज्यात फिरतो त्या गनमेटलच्या बुशमध्ये तेलाला तेवढी फट लागतेच. एक दशांशाच्या पुढे गेला तर बुश आवळायला जागा उरली आहे का ते विचारा. मग मशीन अर्धा तास चालू ठेवा. हेडस्टॉक, म्हणजे स्पिंडलचा डबा, कोमट झाला तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर नमस्कार करून निघा. दलाल ‘लाइट नाही, उद्या या’ म्हणाला तर उद्या जा, पण चालवून बघितल्याशिवाय विसार देऊ नका.

चक डगडगतोय, क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचं) हँडल पाव फेरा रिकामं फिरतंय, याचा बाऊ करू नका. नट नवा बनवून मिळतो आणि चक तर बाजारात विकतच मिळतो. दोष मात्र मोजून दाखवा, भाव उतरवायला उपयोगी पडतात.

शेवटी कापून बघायचं. २५ मिलीमीटरचा माइल्ड स्टीलचा बार चकाबाहेर १०० मिलीमीटर ठेवा, टेलस्टॉकचा आधार न देता हलका कट घ्या आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. दोन शतांशाच्या आत फरक असेल तर तुमच्या कामाला उत्तम. जास्त आला तरी लगेच नाव ठेवू नका; जमीन उंचसखल असली तर बेडला पीळ पडतो आणि टेपर येतो, म्हणजे बार एका टोकाला जाड होतो. स्पिरिट लेव्हल लावून पायाखाली पत्री घातली की बऱ्याचदा तो जातो.

आता तुमच्या कामाचं बोलतो. बारा मिलीमीटरचं पितळ हाय स्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला ६० मीटर वेगाने कापायचं म्हटलं तर स्पिंडल १६०० फेरे फिरायला हवा. जुने बुशवाले लेथ पाचशेच्या आसपास थकतात. काम होतं, पण संथ होतं, आणि दोन मिलीमीटरचं ड्रिल चालवताना तर जीव कंटाळतो. सहा फुटी मशीन या कामाला थोराड आहे. शिवाय त्या खोलीत ते बसलं तरी तुम्हाला मागे जाऊन पट्टा बदलायला जागा उरणार नाही. साडेचार फुटीतही साडेचार फूट ही बेडची लांबी. दोन सेंटरमध्ये दोन-सव्वादोन फुटांचंच काम बसतं, आणि ते तुम्हाला पुरून उरेल.

चेंज गिअर, म्हणजे आटे आणि फीडसाठी बदलायचे गिअर, मोजून घ्या. कारखाना बंद होताना गिअरचा डबा हमखास वेगळा भंगारात जातो. इंची लीड स्क्रू असेल तर १२७ दात्यांचा गिअर आहे का बघा. इंचाचे २५.४ मिलीमीटर, त्याच्या पाचपट १२७. त्याच्याशिवाय मिलीमीटरचे आटे नेमके पडत नाहीत. तुमचे बारीक आटे टॅप-डायनेच होतील, म्हणून तो नसला तरी अडणार नाही. ऑटो फीडचे (कॅरेज आपोआप सरकवणारे) गिअर मात्र हवेतच.

मोटर थ्री फेज असेल तर घाबरू नका. एक एचपीपर्यंतच्या मोटरच्या डब्यात सहा टोकं असली तर स्टारची डेल्टा करून (आतल्या तारांची जोडणी बदलून) घरच्या २३० व्होल्टवर व्हीएफडीने, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज देणाऱ्या यंत्राने, चालवता येते. वेगही कमी-जास्त होतो, पण बुशवाल्या स्पिंडलला दीड हजार फेऱ्यांवर पळवू नका. आणखी एक: चक आट्याने बसवलेला असेल तर रिव्हर्सचं बटण बंदच करून टाका. उलट फिरताना चक सुटून अंगावर येतो.

मुलाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. चाळीस-पन्नास किलोचा चिनी लेथ तुमची इंजिनं बनवेल, वेगही देईल. स्टीलमध्ये पार्टिंग करताना (तुकडा कापून वेगळा करताना) तो थरथरतो, आणि नव्यालाही खोलून, घासून, जुळवून घ्यावं लागतं. तुमच्या जागी मी साडेचार फुटीच घेतला असता, बेड चांगला निघाला तर. नाही निघाला तर मुलाचं ऐका.

भाव ठरवताना आधी वजन काढा. असं मशीन साधारण चार-पाचशे किलोच्या घरात जातं. बिडाच्या भंगाराच्या भावाने जी रक्कम येते, तिथून वर चढायचं. नेताना टेलस्टॉक शेवटच्या टोकाला सरकवून घट्ट करा, कारण सगळा भार हेडकडे असतो आणि टेम्पोत चढवताना मशीन तिकडेच कलंडतं. खोलीत शहाबादी असेल तर पायांखालची काढून कोबा करून घ्या. चुलतसासऱ्यांकडे मात्र एक चक्कर माराच. मशीन नको म्हणून सांगा, पण त्यांच्या कपाटातले मायक्रोमीटर, ड्रिल, रीमर आणि टूल बिट विकत मागा. नात्यातले आहेत म्हणून फुकट घेऊ नका.