पोलंडच्या सीमेवरच्या ग्योर्लिट्झला शिकायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की ग्योर्लिट्झला प्रवेश मिळालाय, पण "जर्मनीच्या कोपऱ्यातलं गाव, तिथे आहे काय" असं सगळे म्हणतात, म्हणून मोठ्या शहरासाठी वर्षभर थांबावं का. 'कोपरा' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. मी ग्योर्लिट्झलाच राहते आणि चार वर्षं तो माझ्या सख्ख्या भावाकडून ऐकतेय.

जा. वर्ष घालवू नका.

आम्ही निपाणीचे. कोल्हापुरात आम्हाला 'तिकडचे' म्हणायचे आणि बेंगळुरूला आम्ही कोणाच्या खिजगणतीत नव्हतो. कॉलेजात असताना दादा या गोष्टीवरून लोकांशी तावातावाने भांडायचा. तोच दादा म्युनिकला स्थिरावल्यावर मला म्हणाला, "त्या कोपऱ्यात जाऊन पडू नकोस." मला ते लागलं. सीमेवरच्या गावात वाढलेल्या माणसाने सीमेवरच्या गावाला कोपरा म्हणू नये.

ग्योर्लिट्झ हे जर्मनीतलं सगळ्यात पूर्वेकडचं शहर, वस्ती साधारण 56 हजार. नायसे नदीपलीकडे पोलंडचं झ्गोझेलेत्स, तिथे साधारण 30 हजार. 1945 पर्यंत हे एकच शहर होतं. युद्धानंतर सीमा नदीवर आली आणि पूर्वेकडचा भाग पोलंडला गेला. बॉम्बफेकीतून गाव जवळजवळ वाचलं, त्यामुळे आज चार हजारांच्या वर जुन्या इमारती संरक्षित आहेत. त्यांच्या दुरुस्तीसाठी 1995 पासून 2016 पर्यंत कोणीतरी दरवर्षी दहा लाख मार्क, नंतर तेवढ्या किमतीचे युरो देत होतं. नाव कधीच जाहीर केलं नाही. शिवाय आपली प्रमाणवेळ जशी मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरून धरतात, तशी मध्य युरोपची ज्या 15 अंशांच्या रेखावृत्तावरून धरतात ते याच शहरातून जातं. दादा म्युनिकला ज्या घड्याळावर ऑफिस गाठतो ते या 'कोपऱ्याचं' घड्याळ आहे.

आता तो प्रसंग सांगते, ज्यावरून दादाचं आणि माझं शेवटचं मोठं भांडण झालं.

पोलिश लोक शेपू भरपूर खातात, सूपमध्ये, बटाट्यावर, काकडीवर. जर्मन दुकानात चार काड्या प्लास्टिकच्या डबीत मिळतात, पलीकडच्या भाजीवालीकडे जुडी मिळते. मी दर शनिवारी पुलावरून चालत शेपू आणायला जायची. इकडे बसस्टॉपला जातात तितक्या सहज. पोलंड 2007 च्या डिसेंबरात शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आलं, तेव्हापासून पुलावर कोणी कागद विचारत नव्हतं. मग 2023 च्या ऑक्टोबरात जर्मनीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. मी बातमी वाचली होती. पण ती गाड्यांसाठी असेल, आपण तर भाजीला जातोय, असं मी मनाशी धरून चालले.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी परत येताना पुलाच्या अलीकडच्या टोकाला दोन पोलिसांनी थांबवलं. पासपोर्ट घरी, निवास परवान्याचं कार्डही घरी. मोबाईलमधला फोटो त्यांनी बघितला आणि तो चालणार नाही म्हणाले. उद्धट नव्हते, पण बाजूला उभं केलं. हातात शेपूची पिशवी आणि पुलावरून जाणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघतोय. आजूबाजूच्या कोणालाही थांबवलेलं नव्हतं. मला का, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी खालच्या मजल्यावरच्या आजींना फोन केला. त्यांच्याकडे माझी जादा चावी असते. वय 84, गुडघे गेलेले, आणि आमच्या घरापासून नदीपर्यंतचा रस्ता दगडी, उताराचा. पाऊण तासाने त्या आल्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा पासपोर्ट आणि कार्ड फ्रीझरच्या पिशवीत घालून, कारण पाऊस भुरभुरत होता. पोलिसांनी कागद बघितले आणि सोडलं. दोन मिनिटांचं काम. आजी त्यांना फक्त एवढंच म्हणाल्या, "ही माझ्या घरात राहते."

चढ चढताना आम्ही तीनदा थांबलो. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा त्यांनी काठीने पलीकडे दाखवलं. त्यांचा जन्म तिकडचा. जर्मन सैन्याने 7 मे 1945 ला पूल उडवला, त्यानंतर त्या उन्हाळ्यात पलीकडच्या जर्मनांना घरं सोडावी लागली. त्या सहा वर्षांच्या होत्या. पुढे 1972 मध्ये पूर्व जर्मनी आणि पोलंडमध्ये व्हिसा बंद झाला तेव्हा त्या जाऊन आल्या, दारापर्यंत गेल्या आणि बेल न वाजवता परतल्या. आत राहणारं कुटुंबही असंच कुठूनतरी पूर्वेकडून उठवून आणलेलं होतं, हे त्यांना माहीत होतं. 2004 मध्ये हा पादचारी पूल पुन्हा झाला, तेव्हापासून त्या केस कापायला जन्माच्या घराशेजारच्याच गल्लीत जातात.

रात्री दादाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? ये इकडे." पोलीस त्याने ऐकले, आजी ऐकल्याच नाहीत. म्युनिकला अकरा वर्षं राहून त्याला शेजाऱ्याचं आडनाव दारावरच्या पाटीवरून माहीत आहे. माझ्यासाठी 84 वर्षांची बाई पावसात उतार उतरली. कोपऱ्यात नेमकं कोण राहतंय, हे मी त्याला तेव्हाच विचारायला हवं होतं.

तुमचं काम राहिलंच. भाडं हा सगळ्यात मोठा फायदा: माझ्या दोन खोल्यांचं 360 युरो, गरम करण्याचा खर्च वेगळा. तो मात्र आधी विचारून घ्या, जुन्या घरांची छतं उंच असतात आणि हिवाळ्याचं बिल हादरवतं. पार्टटाइम काम जर्मन येत असेल तर मिळतं, नसेल तर अवघड. जर्मनची बी-1 पातळी भारतातूनच करून निघा. पदवीनंतरच्या नोकरीचं दादा बोलतो त्यात तथ्य आहे. 1849 पासून रेल्वेचे डबे बनवणारा इथला कारखाना रणगाड्यांचे भाग बनवण्यासाठी संरक्षण कंपनीकडे द्यायचं 2025 मध्ये ठरलं. खगोलभौतिकीचं मोठं राष्ट्रीय केंद्र उभं राहतंय, पण त्यावर तुमची नोकरी धरून चालू नका. बरेच जण शिकून ड्रेसडेनला जातात, ट्रेनने दीड तासाच्या आत.

आणि हो, राजकारण. 2025 च्या निवडणुकीत या मतदारसंघात जवळपास निम्मी मतं एएफडी या स्थलांतरितविरोधी, कट्टर उजव्या पक्षाला गेली. रात्री स्टेशनवर मलाही दोनदा वाईट बोललेलं ऐकावं लागलंय. हे लपवणार नाही. पण 2019 मध्ये याच शहराने एएफडीचा उमेदवार पाडून बुखारेस्टमध्ये जन्मलेला, ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवायला आलेला माणूस महापौर केला, हेही धरा.

पुलावर पाऊल टाकण्याआधी पासपोर्ट आणि कार्ड खिशात आहे का बघा, दर वेळी. तूरडाळ मी ड्रेसडेनहून आणते, गोडा मसाला आई पाठवते. शेपू पलीकडे, सकाळी दहाच्या आत गेलात तर.