‘गुड’ म्हणायची घाई नको

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट केल्यापासून मशीन थोडा वेळ नुसतं पडून राहिलं की एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) गायब होते, फाइल सिस्टिम ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचता येणारी) होते आणि रीस्टार्टशिवाय गत्यंतर उरत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, डिस्क गेली, बदला. पण जुन्या कर्नलवर ती ठणठणीत चालते. दोष नक्की कुणाचा?

उत्तर : आधी बॅकअप घ्या, बाकीचं नंतर. डिस्क एवढ्यात बदलू नका. जुन्या कर्नलवर दोन-तीन दिवस काढा. तिथे एकदाही अडली नाही, तर संशय नव्या ड्रायव्हरवर, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडवर. आधी चालणारं नव्या आवृत्तीत बिघडलं, की त्याला रिग्रेशन म्हणतात.

पुरावा मात्र हाती लागत नाही, कारण डिस्कच गेली तर लॉग लिहायचा कुठे? दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून लॉग-इन करून) आत शिरा आणि डी-मेसेज (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालू ठेवून बसा. माझ्याकडे शेवटच्या ओळीत कंट्रोलरच्या स्थितीपुढे ओळीने आठ ‘एफ’ आले होते. म्हणजे सगळे बिट एक. पीसीआयवरचं (डिस्क ज्या मार्गाने मशीनला जोडलेली असते त्यावरचं) उपकरण उत्तरच देईनासं झालं की वाचणाऱ्याच्या हाती हेच पडतं. डिस्क झोपली होती आणि उठतच नव्हती.

ही झोप मुद्दाम दिलेली असते. रिकामी बसलेली डिस्क वीज वाचवायला आपणहून खोल अवस्थेत जाते. लिनक्सने ही सोय 2017मध्ये, 4.11 कर्नलपासून वापरायला घेतली आणि काही डिस्क त्या अवस्थेतून परत येत नाहीत हे लगेच दिसलं. बूट करताना एनव्हीएमईचा कमाल लेटन्सीचा (झोपेतून उठायला चालेल एवढ्या वेळाचा) पॅरामीटर शून्य केला की ही झोप बंद होते. तेवढ्याने तुमचा त्रास थांबला, तर वाट बरोबर आहे.

आता नेमका बदल शोधायचा. दोन मोठ्या आवृत्त्यांच्या मध्ये दहा-पंधरा हजार बदल असतात, पण गिट बायसेक्ट (बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली शोधाची सोय) दर वेळी मधला कर्नल चालवायला देतं, तो टिकला की ‘गुड’, अडला की ‘बॅड’ सांगायचं, आणि ते निम्मे बदल बाजूला काढतं, त्यामुळे चौदा फेऱ्यांत काम भागतं. कागदावर. मी पहिल्यांदा केलं तेव्हा प्रत्येक कर्नल अर्धा तास चालवायचो आणि काही झालं नाही की ‘गुड’ म्हणून पुढे जायचो. चौदाव्या फेरीला गिटने बोट ठेवलं ते साउंड कार्डच्या ड्रायव्हरवर! डिस्क आणि आवाज यांचा काय संबंध, म्हणून मी तासभर तो कोड खरोखर वाचत बसलो होतो, हे कबूल करायला आज हरकत नाही.

चूक साधी होती. ‘बॅड’ एका क्षणात ठरतो. डिस्क पडली, विषय संपला. ‘गुड’ला मात्र वेळ मोजावा लागतो. मग बिघडलेला कर्नल पाच वेळा चालवून पाहिला, तर डिस्क पडायला एकदा जवळजवळ दोन तास लागले. त्यापुढे प्रत्येक ‘गुड’साठी सहा तास मशीन रिकामं ठेवलं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं नाही. ‘बॅड’ पक्केच होते, म्हणून बायसेक्टच्या लॉगमधून संशयास्पद ‘गुड’ तेवढे खोडले आणि तो रिप्ले केला, म्हणजे उरलेल्या नोंदींवरून शोध पुढे चालू केला.

सापडला तो बदल दोन ओळींचा होता, डिस्कला आणखी खोल झोपू देणारा. ताज्या कर्नलवर तेवढाच मागे घेऊन पाहा. डिस्क टिकली, तरच तो खरा दोषी. दुरुस्ती मात्र सहसा वेगळी होते. तो बदल इतरांची बॅटरी वाचवतो, म्हणून सरसकट काढत नाहीत. ड्रायव्हरमध्ये ‘क्वर्क’चा, म्हणजे उपकरणांच्या खोडींचा तक्ता असतो. त्यात उत्पादक आणि मॉडेलचे क्रमांक टाकून एक ओळ वाढते : या डिस्कला सगळ्यात खोल अवस्थेत पाठवू नका.

फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्राम) तुमच्या डिस्कचंच सदोष आहे, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. आधी चालत होतं ते नव्या कर्नलने मोडायचं नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा जुना हट्ट आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. मेंटेनरला (ड्रायव्हर सांभाळणाऱ्याला) मेल करताना दोषी कमिटचा हॅश (त्या बदलाची गिटमधली ओळखखूण), बायसेक्टचा लॉग आणि पूर्ण डी-मेसेज साध्या मजकुरात द्या, स्क्रीनचा फोटो नको. पॅच (दुरुस्तीचा कोड) आला की तो लावून मशीन पुन्हा सहा तास रिकामं सोडा, मगच ‘चालतं’ असं कळवा.